तोंड उघडं ठेवणारे दाजी

आमच्या दाजींचा तोंड मिटलेला एक तरी फोटो कुणाकडे असला तर घेऊन या, जन्मभर तुमची दाढी मी फुकट करीन. मी हे बिनधास्त बोलतो, कारण असा फोटोच नाही. पोरीच्या लग्नात सगळं घर दात काढून हसतंय आणि मधोमध नवरीचा बाप आ वासून उभा. ओळखपत्रावर आ. जावयाच्या नव्या गाडीशेजारी आ. फोटोवाला हात वर करतो, 'तयार?' म्हणतो, हात खाली आणतो आणि नेमकं त्याच क्षणी दाजींचं तोंड उघडतं. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण आणि त्यांची बायको, आधी आधी चिडायची. पुढे तिने तो नाद सोडला.

कारण साधं आहे. दाजी सैन्यात तोफेवर होते. गोळा भरायचा, बाजूला व्हायचं, कमांडरचा वर गेलेला हात बघत राहायचं. हात खाली आला की तोफ उडणार, तेव्हा तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे कानावर दाब कमी येतो, असं शिकवलेलं. हुकूम ऐकायचा प्रश्नच नव्हता. दोन गोळ्यांनंतर तिथे कुणालाच काही ऐकू येत नसे. "हात बघायचा, कानावर विसंबायचं नाही," हे वाक्य दाजी अजूनही असं म्हणतात, की जणू ते त्यांनीच शोधून काढलंय.

तर तोंड उघडं ठेवायची सवय घेऊन दाजी घरी आले, आणि कान मात्र तिकडेच ठेवून आले. डावा तर पार गेलेला. उजव्यात मोठ्या आवाजाची नुसती घरघर. पण माणूस इतका मानी, की 'मला ऐकू आलं नाही' हे चार शब्द त्यांच्या तोंडून कधी म्हणजे कधी निघाले नाहीत. समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचं, आणि नाहीच ओळखता आलं तर हसून 'होय, होय' म्हणायचं. एकदा शेजाऱ्याने त्याची सासू गेल्याचं सांगितलं, तर दाजी म्हणाले, "वा, छान झालं." शेजारी रागावला नाही, ती गोष्ट वेगळी.

माझं सलून त्यांच्या घराच्या अगदी समोर. दाजी खुर्चीत बसले की आरशात माझे ओठ त्यांना स्वच्छ दिसतात, त्यामुळे आमच्या गप्पा झकास चालतात. आमच्या गल्लीत तुम्हाला ओठांवर लोंबणारी एकही मिशी सापडणार नाही. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी वरचा ओठ मी मोकळा करूनच पाठवतो. लोकांना वाटतं, ही माझी आवड आहे. असू दे, मी काही बोलत नाही.

दाजी एका गोदामाच्या फाटकावर राखणदार होते. तिथेच सगळं फिसकटलं. एक ट्रक मागे येत होता, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि दाजी पाठ करून शांतपणे फाटकाची कडी बघत उभे. हमालांनी ओढलं म्हणून वाचले. गोदामाचा मालक धावत आला, तोंडाला येईल ते बोलला, आणि त्याला मिशी होती. दाजी हसून म्हणाले, "होय साहेब." त्याच संध्याकाळी नोकरी गेली. मालकाने वर सगळीकडे सांगितलं, की हा माणूस पिऊन कामावर येतो. आमचे दाजी सरबतसुद्धा विचारून पितात.

तेव्हा ताईने पदर खोचला. सैन्यातल्या कामामुळे अपंगत्व आलं तर त्याचं निवृत्तिवेतन मिळतं, हे तिला ठाऊक होतं. तिने अर्ज करायचं काढलं तर दाजी अडून बसले.

"त्या तोफेवरचे आम्ही सगळे जिवंत घरी आलो," ते म्हणाले. "कानासाठी मी हात पसरू?"

"हात पसरा असं कोण म्हणतंय?" ताई त्यांच्या नाकासमोर उभी राहून म्हणाली. "तुमचं आहे ते मागा. आणि दुसरी नोकरी कोण देणारे तुम्हाला? तो मेला गावभर काय सांगत सुटलाय, ते तुम्हाला ऐकू येत नाही. मला येतं."

दाजींनी अर्जावर सही केली. अर्ज गेला, आणि कानांच्या तपासणीसाठी त्यांना मोठ्या दवाखान्यात बोलावणं आलं. ताईला बाहेरच बसवलं. दाजी आत जाऊन आले ते छाती फुगवूनच. घरी न जाता थेट माझ्या दुकानात शिरले.

"मेहुणे," ते म्हणाले, "शंभरपैकी शंभर. एकही चुकवला नाही."

त्यांच्या मागून ताई आली आणि बाकावर मटकन बसली. "हे काय म्हणतायत रे?" तिने मला विचारलं. मला तरी काय कळणार.

कळलं ते निर्णय आल्यावर. अर्ज नामंजूर. वयाच्या मानाने कान चांगले आहेत, सैन्य सोडताना यांनी काहीही तक्रार सांगितली नव्हती, सबब यांचा त्रास सेवेमुळे नाही आणि सांगतात तेवढा तर मुळीच नाही. सैन्य सोडताना तक्रार कोण सांगेल हो? तक्रार सांगितली की दवाखान्यात अडकवून ठेवतात. इकडे ताई बाळंत झालेली, पोरीचं तोंड अजून पाहिलेलं नाही. दाजींनी 'सगळं ठीक आहे' म्हणून सही केली आणि गाडी पकडली. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण दाजींना लागलं ते वेगळंच. निवृत्तिवेतन गेलं याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. आपण खोटं बोलतो, असं सरकारने म्हटलं, हे त्यांना सोसेना. गोदामवाला म्हणाला पिऊन येतो, सरकार म्हणालं सोंग करतो. दाजी दुकानात यायचे बंद झाले. दाढी वाढली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. भिंतीला ओठ नसतात. ताईचा आवाज घरात ऐकू येईना, तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण ताई गप्प आहे असा दिवस मी लहानपणापासून पाहिलेला नाही.

मग मीच एक दिवस गेलो आणि त्यांना दंडाला धरून खुर्चीत आणून बसवलं. दाढी इतकी राठ झाली होती, की आधी गरम टॉवेल ठेवावा लागला. चांगला डोळ्यांपर्यंत ओढून ठेवला. आणि सवयीने बोलत सुटलो. "दाजी, त्या तपासणीत नक्की झालं काय?" उत्तर नाही. "दाजी?" नाही. मोठ्याने ओरडलो, तर बाकावरचं गिऱ्हाईक दचकून उठलं. दाजींनी फक्त हनुवटी थोडी वर केली, वस्तरा येईल म्हणून.

टॉवेल काढला आणि आरशातून पुन्हा विचारलं. दाजी सांगू लागले. काचेची खोली होती. कानावर मोठे हेडफोन लावले. काचेपलीकडे एक बाई यंत्राजवळ बसली होती. ती म्हणाली, बोट वर करायचं.

"मग?"

"मग काय? तिचा हात बटणावर खाली आला, की मी बोट वर. हात खाली, बोट वर. फार चलाख होती ती, मधेच थांबायची, फसवायला बघायची. पण मी काय आज हात बघतोय? एकही चुकवला नाही."

माझा वस्तरा हवेतच राहिला. "आणि आवाज, दाजी?"

"कसला आवाज?" दाजी म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. अर्धी दाढी तशीच ठेवून रस्ता ओलांडला आणि ताईला बोलावून आणलं. दाजींनी पुन्हा सगळं सांगितलं, तितक्याच अभिमानाने. ताई आधी हसली, मग रडली, मग त्यांच्या साबणाच्या गालावरच चापट मारली. तिचा हात फेसाने भरला. "अहो, तुम्हाला कान तपासायला पाठवलं होतं, तोफ उडवायला नाही," ती म्हणाली. दाजींना तेव्हा कुठे उमगलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला हसू आवरेना.

माजी सैनिकांच्या संघटनेत एक वकीलबाई येत. बुटक्या, खांद्याला स्वतःपेक्षा जड पिशवी. आम्ही तिघं जाऊन त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे पुसले, आणि पाणी पिऊन म्हणाल्या, "अपील करू. पण नुसतं हे सांगून भागणार नाही. अपील ऐकणारं मंडळ म्हणेल, अर्ज फेटाळल्यावर आता गोष्ट रचली. आपल्याला फक्त पुन्हा तपासणी मागायची आहे, यंत्राकडे पाठ करून. ती मिळाली की पुढचं आकडेच बोलतील." मग दाजींकडे वळून, शब्द सुटे करत म्हणाल्या, "आणि तुम्ही एकच करायचं. मंडळासमोर जे ऐकू आलं नाही, तिथे 'ऐकू आलं नाही' म्हणायचं. 'होय साहेब' नाही."

"होय बाई," दाजी म्हणाले.

झालं. घरी तालीम सुरू झाली. ताई पाठमोरी उभी राहून काहीतरी बोलायची, आणि दाजींनी 'ऐकू आलं नाही' म्हणायचं. दाजी काय करायचे? गुपचूप फिरून तिच्यासमोर जायचे. ती वळली की हेही वळायचे. स्वयंपाकघरात दोघं अशी गोलगोल फिरतायत, हातात पळी, चुलीवर दूध उतू चाललंय, हे मी माझ्या दुकानातून पाहिलंय. शेवटी ताईने हात टेकले. "या माणसाच्या तोंडून ते चार शब्द निघायचे नाहीत," ती मला म्हणाली. "आता देवच वदवून घेईल तर."

सुनावणीच्या दिवशी माझं एक गिऱ्हाईक लांबलं आणि मी धावतपळत तसाच गेलो, खांद्यावर दुकानातला टॉवेल. खोली साधीच होती. लांब टेबल, वर कुरकुरणारा पंखा, भिंतीला ओल. टेबलामागे तिघं. मधे अध्यक्ष, गुळगुळीत दाढीचे, स्पष्ट बोलणारे. एका बाजूला डॉक्टरीणबाई. दुसऱ्या बाजूला एक म्हातारे, सैन्यातूनच निवृत्त झालेले, आणि त्यांची मिशी बघून मला गोदामवाला आठवला. पांढरी, दाट, खालच्या ओठापर्यंत.

अध्यक्षांनी विचारायला सुरुवात केली. नाव? दाजींनी सांगितलं. किती वर्षं सेवा? सांगितली. घरी कोण कोण? तेही सांगितलं, ताठ उभे राहून, खणखणीत. अध्यक्षांच्या ओठांवर त्यांना सगळं छापल्यासारखं दिसत होतं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्या अशिलाला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतंय. पुन्हा तपासणी कशाला?"

मग मिशीवाल्यांनी काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "शेवटची नेमणूक कुठे होती?" दाजींनी त्या मिशीकडे पाहिलं, आणखी पाहिलं, आणि हसले.

"होय साहेब," ते म्हणाले.

म्हाताऱ्यांनी पुन्हा विचारलं. दाजी पुन्हा, "होय साहेब." अध्यक्षांना वाटलं, माणूस उडवाउडवी करतोय. त्यांच्या कपाळाला आठी पडली. आणि तेवढ्यात ताई उठली. वकीलबाई 'बसा, बसा' अशी खूण करत होत्या, पण माझ्या ताईला लहानपणापासून कुणी बसवलेलं नाही. तिने माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला.

"साहेब, रागावू नका," ती म्हणाली. "हे कानाने ऐकत नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघून ओळखतात. आणि या साहेबांचं तोंड मिशीत आहे. मी यांचे डोळे झाकते. मग विचारा काय विचारायचं ते."

अध्यक्षांनी एकदा दोन्ही बाजूंना पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. दाजींना खुर्चीत बसवून ताईने डोळ्यांवर टॉवेल धरला.

"तुमचं नाव काय?" अध्यक्षांनी विचारलं. हाच पहिला प्रश्न होता, मघाशी फाडकन उत्तर आलेला. आता काही नाही. त्यांनी आवाज चढवला. डॉक्टरीणबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि डाव्या कानाशी बोलल्या, मग उजव्या. दाजी निवांत बसलेले. आणि मग, तो टॉवेल माझ्या दुकानातला, साबणाचा वास त्याला मुरलेला, त्यांनी हळूच हनुवटी वर केली आणि गळा पुढे केला.

मंडळासमोर दाढी करून घ्यायला बसलेला माणूस त्या खोलीने पहिल्यांदाच पाहिला असेल. मी ओठ चावून धरले.

"असं गप्प कुणालाही बसता येईल," अध्यक्ष म्हणाले. आता ते चिडलेले नव्हते. "हे सोंग नाही हे मला कसं कळावं?" प्रश्न रास्त होता, त्यांच्या जागी मीही विचारला असता.

टॉवेल धरल्यापासून मिशीवाले एक अक्षर बोलले नव्हते. ते म्हणाले, "टॉवेल काढा." ताईने काढला. दाजी डोळे किलकिले करत होते तेवढ्यात म्हाताऱ्यांनी उजवा हात ताठ वर उचलला. दाजी ताडकन उभे राहिले. म्हाताऱ्यांनी हात सपकन खाली आणला आणि दाजींचं तोंड उघडलं.

आणि खरं सांगतो, त्या पांढऱ्या मिशीखालीही तोंड उघडलं होतं.

दोघं तसेच एकमेकांकडे बघत राहिले. मग म्हातारे अध्यक्षांना म्हणाले, "मीही तोफखान्यातलाच. हे शिकवलेलं आहे, आणि ते जात नाही. तो यंत्रावरच्या हाताकडे बघत होता, यावर माझा विश्वास आहे. पाठ करून तपासा."

पाठ करून तपासलं. या वेळी ताई दाराशी खडा पहारा देत उभी राहिली. मधे तिने दार किलकिलं करून पाहिलं, तर काचेपलीकडच्या बाईचा हात चालू होता आणि दाजींचं बोट गुडघ्यावर निपचित पडलेलं. मधूनच एकदा वर जायचं, पुन्हा पडायचं. इतकी वर्षं संसार करूनही, ती मला नंतर म्हणाली, एवढं गेलंय हे मलाही माहीत नव्हतं रे.

निकाल ऐकायला पुन्हा त्याच खोलीत गेलो. या वेळी दाजींची दाढी मी सकाळीच केली होती आणि टॉवेल घरी ठेवला होता. मिशीवाले म्हातारे आत आले आणि मी दोनदा पाहिलं. मिशी कातरलेली होती. वरचा ओठ स्वच्छ मोकळा. ज्याने कातरली त्याचा हात काही बरा नव्हता, डावीकडे जास्त गेली होती, पण मला त्या क्षणी जगात त्याहून सुंदर मिशी आठवेना.

अध्यक्ष त्यांना म्हणाले, "तुम्हीच सांगा."

म्हातारे उठून टेबलाला वळसा घालून दाजींच्या समोर येऊन उभे राहिले. दाजी ताठ. म्हातारे सावकाश बोलले, "दोन्ही कान मोठ्या आवाजाने गेलेले आहेत. ते तुमच्या सेवेत गेले, हे मंडळाला मान्य आहे. तुम्ही खरं सांगत होतात. अपील मंजूर."

माझे डोळे भरून आले. वकीलबाईंनी ती जड पिशवी खाली टाकली. ताईने तोंडाला पदर लावला. आम्ही सगळे दाजींकडे बघत होतो, की आता येईल ते 'होय साहेब'.

दाजींनी घसा खाकरला. "साहेब," ते म्हणाले, "मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

ताईच्या तोंडावरचा पदर खाली आला. म्हाताऱ्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, एकेक शब्द. दाजींनी लक्ष देऊन पाहिलं. पुन्हा मान हलवली.

"नाही आलं ऐकू, साहेब. ते खरं सांगण्याचं काय म्हणालात?"

"तुम्ही खरं सांगत होतात," म्हातारे एवढ्या जोराने म्हणाले, की बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला. मग दाजींनी सलाम केला. म्हाताऱ्यांनीही केला.

पायऱ्या उतरताना ताईने त्यांना बाहीला धरून थांबवलं आणि समोर जाऊन उभी राहिली. "अहो, एक खरं सांगा. पहिल्या वेळी कळलं नव्हतं तुम्हाला?"

"कळलं की," दाजी म्हणाले. "पहिल्याच वेळी."

"मग बिचाऱ्या म्हाताऱ्याला तीन तीनदा का बोलायला लावलंत?"

दाजी हसले. "इतकी वर्षं कुणाला एकदाही 'परत सांग' म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "साठलं होतं."